उतारा न वाचता

३ फेब्रुवारी

प्रिय वकीलबाई,

आज पुन्हा कामावर गेलो. डबा नव्हता म्हणून कँटीनमध्ये ब्रेड खाल्ला. दुपारी बैठक झाली. परत येताना ताईची न उघडलेली औषधं दुकानात देऊन आलो. नोकरीची सगळी वर्षं ती त्याच दुकानाच्या काउंटरमागे उभी होती, त्यामुळे मालकांनी काही विचारलं नाही. पिशवी घेतली आणि मला बसायला स्टूल दिलं. थोडा वेळ बसलो. घरी येऊन केर काढला, आणि आता हे लिहायला घेतलं आहे.

फोन तू उचलत नाहीस, ते ठीकच आहे. मला फोनवर बोलता येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. ‘मामा फोनवर नुसता श्वास घेतो,’ असं तूच सगळ्यांना सांगायचीस. म्हणून पत्र.

आधी आभार मानायचे आहेत. तू इतक्या लांबून आलीस. दोन दिवसांत सगळ्यांना भेटलीस, ताईचे कपडे घड्या घालून वेगळे केलेस, फ्रिज पुसलास आणि भाज्या, डाळी, पीठ कुठल्या डब्यात काय आहे ते चिकटपट्टीवर लिहून ठेवलंस. मला ते काहीच सुचलं नसतं. काल ‘साखर’ असं लिहिलेला डबा उघडला तर आत साखरच होती. ताईच्या राज्यात असं कधी झालं नव्हतं.

त्या दोन दिवसांत तू माझ्याशी बोलली नाहीस. टॅक्सीत बसताना मात्र एक वाक्य बोललीस. “आता तुझ्या परीक्षा कोण देणार, मामा?”

मी टॅक्सीचं दार लावलं. तिथे शेजारी होते. पण तुझं म्हणणं मला कळलं. तुझ्या घरी बागेच्या बाजूची खोली तू आईसाठी तयार केलीस. पलंग आणलास, जाड पडदे लावलेस. दोनदा तिकीट काढून झालं आणि दोन्ही वेळा तिने तुला फोनवर सांगितलं, “तुझ्या मामाची परीक्षा आली आहे गं, ती झाली की येते.” मग ती आजारी पडली. म्हणजे तुझी आई माझ्या परीक्षेच्या सहा प्रश्नांपायी तुझ्याकडे आली नाही, असा हिशेब होतो. तुझ्या जागी मी असतो तर मीही हाच केला असता. दातांची डॉक्टर झालीस, तरी लहानपणी वाद घालून मिळवलेलं ‘वकीलबाई’ हे नाव उगाच नाही.

याच्यावर मला काही लिहायचं आहे, पण आज जमणार नाही. आज एवढंच, की ताईच्या मागे माझं म्हणावं असं माणूस तूच आहेस. तू रागावून राहिलीस तरी चालेल. पण राहा.

जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझा
मामा


१२ फेब्रुवारी

प्रिय वकीलबाई,

हे घाईत लिहितो आहे. मागच्या पत्राच्या पाकिटात एक छापील कागद आला असेल. त्यावर नाव, तारीख काही नाही. नुसते सहा प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय. तो कोणाला दाखवू नकोस, फोटो काढू नकोस, आणि जमलं तर आहे तसा परत पाठव.

कसा गेला ते सांगतो. स्वयंपाकघरातल्या टेबलाची खिडकीकडची बाजू ताईची. प्रश्नांचा कागद मी नेहमी तिच्या बाजूला, लिहायच्या पॅडखाली ठेवायचो. तिला वेळ झाला की ती काढून घ्यायची. या वेळीही सवयीने तिथेच ठेवला गेला. मी त्या पॅडवर तुला पत्र लिहिलं, पानं सरळ केली आणि खालचा कागदही सोबत घडी घालून टाकला. काल ऑफिसात शोधाशोध झाली तेव्हा लक्षात आलं.

तुला आमचं काम ‘मामा पेपर काढतो’ एवढंच माहीत असेल. विद्यापीठात दरवर्षी ठिकठिकाणची मुलं येतात. घरी निरनिराळ्या भाषा बोलतात, आणि इथली व्याख्यानं मात्र एकाच भाषेत. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी आम्ही त्यांची भाषेची परीक्षा घेतो. पास झाला तो थेट वर्गात. नापास झाला त्याने एक सत्र भाषा शिकायची, मग वर्ग. म्हणजे त्याचं सगळंच एक सत्र मागे. तेव्हा परीक्षा चुकून चालत नाही.

आता वाचनाचा भाग. एक उतारा आणि त्याखाली प्रश्न. मुलाने बरोबर उत्तर दिलं तर त्याला उतारा कळला, असं आपण धरतो. पण खरंच उतारा वाचून दिलं की नुसता अंदाज बांधून दिलं? हे कळायला आमच्याकडे एक रीत आहे. प्रश्न तयार झाले की आधी अशा माणसाला द्यायचे ज्याने उतारा पाहिलेलाच नाही. त्याला उत्तर आलं तर प्रश्न वाईट, तो टाकायचा किंवा बदलायचा. नाहीतर अंदाजात हुशार असलेला मुलगा पास होतो आणि पुढे वर्षभर वर्गात काही न कळता मान डोलवत बसतो.

तो माणूस म्हणजे तुझी आई. विभागाच्या यादीत तिचं नाव होतं. गुप्तता पाळीन अशी सही ती दर वर्षी करायची आणि सहीखाली लिहायची, ‘शेजारणीलासुद्धा सांगणार नाही.’ स्वतःला ती चाळणी म्हणायची. एकदाचं आमचं बोलणं आठवतं:

“ताई, हे नवे सहा.”

“उतारा कशावर आहे?”

“ते सांगायचं नसतं.”

“नको सांगूस. वाळवंटावर आहे. हा पहिला प्रश्न टाक.”

“का?”

“का म्हणजे? मला आला. वाळू मी फक्त बांधकामाच्या ढिगात पाहिली आहे. मला वाळवंटातलं कळतंय, तर मग तुझ्या परीक्षेत नापास कोण होणार?”

मी म्हणायचो, तू फारच तयार आहेस. ती म्हणायची, “डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून नजर अशी झाली आहे रे. लिहिलंय काय ते दिसत नाही, लिहायचं काय होतं ते दिसतं.”

परीक्षा होऊन गेली की उतारा गुप्त राहत नाही. त्या दिवशी जेवताना मी तिला तो मोठ्याने वाचून दाखवायचो. ती लेखकाशी भांडायची. वाळवंटाच्या लेखकाला तर तिने जेवण होईपर्यंत सोडलं नव्हतं.

तू टॅक्सीत बसताना विचारलंस त्याचं उत्तर मला अजून माहीत नाही. आमच्या विभागप्रमुख बाईंना आज कागदाचं सांगितलं. ताई त्यांना न भेटताच कात्रीबाई म्हणायची, कारण त्यांच्या हातात पडलेल्या कागदातलं काही ना काही गळतंच. त्यांनी ऐकून घेतलं, ओरडल्या नाहीत. “विचार करून सांगते,” म्हणाल्या.

कागदाचं तेवढं बघ.

तुझा
मामा


१ मार्च

प्रिय वकीलबाई,

तुझं पाकीट काल आलं. मी उभ्यानेच उघडलं. पत्र नव्हतं, फक्त आमचा कागद. आधी वाटलं, मागितला तेवढाच परत केला. मग पाहिलं तर प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलने उत्तर आणि बाजूला कारण. तुला कोणी सांगितलं होतं कारण लिहायला? तुझी आईही लिहायची. मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

ऑफिसात वाचता यावं म्हणून एका कागदावर उतरवून घेतलं आहे, ते असं:

‘१. ब. बाकीचे तीन पर्याय तीन-तीन शब्दांचे आणि हा एकटा आगगाडीएवढा. खरं बोलायचं असलं की तुला जास्त शब्द लागतात.

२. अ. क मध्ये “कधीच” आहे, ड मध्ये “सर्वच”. विद्यापीठातली माणसं इतकं ठाम बोलत नाहीत.

३. ड. हे कोणत्याही डॉक्टरला येईल. दातांच्यासुद्धा.

४. ब. याचं उत्तर तू दुसऱ्या प्रश्नात लिहून ठेवलं आहेस. चष्मा बदल, मामा.

६. अ. कारण क आणि ड एकच गोष्ट सांगतात, आणि दोन उत्तरं बरोबर असू शकत नाहीत. ब विनोदी आहे.’

पाचवा मागे ठेवला आहे, बाकीची पाचही बरोबर. म्हणजे पाचही प्रश्न कचऱ्यात. गेले कित्येक आठवडे मी त्यांच्यासाठी खपत होतो. मला किती आनंद झाला ते तुला कळणार नाही. शेजारच्या टेबलावरचा आमचा आकडेवाला, निकालाची गणितं करणारा, विचारायला लागला, “सर, बढती मिळाली का?” मी म्हटलं, नाही, माझे पाच प्रश्न बाद झाले. तो पुन्हा आकड्यांकडे वळला.

आता पाचवा. उतारा कशावर आहे हे तू प्रश्नांवरून ओळखलंसच आहेस, रात्रपाळीचे कामगार आणि त्यांची दिवसाची झोप. पाचवा प्रश्न असा: कारखान्याने दिलेले जाड पडदे कामगारांनी का नाकारले? पर्याय: पडद्यांचं कापड हलकं होतं, खोली कोंदट व्हायची, घरमालक परवानगी देत नव्हते, घरातली चाहूल लागत नव्हती. तू ब लिहिलंस आणि पुढे हे:

‘खोली कोंदट झाली असणार. दुसरं काय? चांगले पडदे मिळत असताना कोण नाही म्हणतं? ड तर भलताच भावुक आहे, परीक्षेत असलं कोणी लिहीत नाही. हा एकच मला आला नाही आणि त्याचा मला राग आला आहे. उत्तर कळव.’

आणि अगदी खाली, छोट्या अक्षरात: ‘आई का आली नाही? परीक्षा हे खरं कारण नव्हतं ना?’

दोन्हींची उत्तरं माझ्याकडे आहेत. पण उतारा अजून गुप्त आहे, त्यामुळे पाचव्याचं बरोबर उत्तर मी तुला आज सांगू शकत नाही. आणि दुसरं उत्तर पहिल्याशिवाय मला नीट सांगता येणार नाही. तू म्हणशील, मामा नियमाच्या आड लपतो आहे. थोडा लपतो आहेच. पण कात्रीबाईंचा निर्णय होईपर्यंत थांब. कागद मी त्यांच्याकडे दिला आहे.

तू लिहिलंस. फार बरं वाटलं.

तुझा
मामा


७ मार्च

प्रिय वकीलबाई,

निर्णय झाला. आज सकाळी बाईंनी बोलावलं.

“हा कागद कोणाकडे गेला होता?”

“भाचीकडे.”

“त्या आपल्या यादीत आहेत?”

“नाहीत.”

“मग उतारा गेला. दुसरा काढावा लागेल.”

“हो.”

“मला वाईट वाटतंय. उतारा चांगला होता. पण यादीबाहेरच्या माणसाने पाहिला तो पाहिला. आज तुमच्यासाठी सोडलं तर उद्या कोणासाठी तरी सोडावं लागेल.”

मी म्हटलं, बरोबर आहे. ते बरोबरच आहे. मग त्यांनी तुझी उत्तरं पुन्हा वाचली आणि ‘इतकं ठाम बोलत नाहीत’ इथे येऊन हसल्या. मी त्यांना हसताना फारसं पाहिलेलं नाही.

“या तुमच्या ताईंच्या कोण?”

“मुलगी.”

“ते दिसतंय. विचारा त्यांना, यादीत येतात का? रीतसर सही करून. मिळणार काही नाही म्हणावं, नुसतं डोकं खाजवायचं.”

तर उतारा बाद झाला आणि म्हणून आता मोकळा आहे. सोबत पाठवतो आहे, बाईंना विचारून. पण तुला लागणारा भाग इथेच लिहितो:

‘कारखान्याने दिलेले पडदे बहुतेक घरांत काही दिवसांतच काढून ठेवले गेले. पडद्यांमुळे झोप सलग लागते हे कामगारांनी मान्य केले. मात्र जाग आल्यावर घरात कोण आहे, मुले शाळेतून आली का, स्वयंपाकाला सुरुवात झाली का, हे कळेनासे झाले. थोडी मोडकी झोप चालेल, पण घर ऐकू यायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते.’

उत्तर ड.

आता ताईचं. दवाखान्यात मी तिला भेटायला जायचो तेव्हा ती रोज विचारायची, “आज काय आणलंस?” तिला फळं नको असायची. एके दिवशी मी हेच सहा प्रश्न नेले. ती थकली होती म्हणून एकच वाचून दाखवला, पाचवा, कारण त्याच्यावर माझा जीव होता. पर्यायांपर्यंत मी पोचलोच नाही. ती म्हणाली, “झोप छान लागते रे, पण पोरं घरी आली ते कळत नाही. घरात असून परगावी गेल्यासारखं होतं.” आणि डोळे मिटले. बाकीचे पाच राहूनच गेले.

आमच्या रीतीप्रमाणे तो प्रश्न मी तिथेच बाद करायला हवा होता. उतारा न वाचता तिला उत्तर आलं होतं. पण मग मी ऑफिसात तिघांना विचारलं. तिघेही चुकले. आता तूही चुकलीस. तेव्हा माझी खात्री झाली. ताईने अंदाज बांधला नव्हता. तिला ते माहीत होतं.

तुझी खोली तिने फोनवर पाहिली होती. तू फोन फिरवून तिला सगळं दाखवलंस, पडदे ओढून दाखवलेस, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. फोन बंद करून तिने टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, “किती मन लावून केली आहे रे पोरीने. पण ती दोघं सकाळी जाणार, दिवे लागल्यावर येणार. त्या खोलीत दिवसभर मला हाक कोण मारणार? इथे तू निदान म्हणतोस, ताई, हा प्रश्न बघ.” मी म्हटलं, तिला सांग तसं. तर म्हणाली, “वेडा आहेस का? पडद्याचं कापड तिने स्वतः दुकानात जाऊन निवडलंय.” आणि पुढच्या वेळी तुझा फोन आला तेव्हा माझ्या परीक्षेचं कारण पुढे केलं. मी चमकून तिच्याकडे पाहिलं. तिने हातानेच गप्प बस म्हटलं.

तुझ्यावर माया कमी होती म्हणून ती आली नाही, असं नाही. तुझी खोली चांगली होती. ती फार शांत होती, एवढंच.

तिने सांगू नको म्हटलेलं आज सांगितलं. आता सांगायला हरकत नाही असं मला वाटतं. हरकत असलीच तर ती भांडेल, सवय आहे मला.

आणि एक. तू तिला बोलवत राहिलीस, पण ओढून नेलं नाहीस. रागावलीस, पण नेलं नाहीस. त्यामुळे शेवटची ही वर्षं ती माझ्यासमोर, खिडकीकडच्या बाजूला बसली. त्याबद्दल तुझे आभार मानायचे होते. पहिल्या पत्रात तेच लिहायचं होतं, जमलं नाही.

तुझा
मामा


१७ एप्रिल

प्रिय वकीलबाई,

काल परीक्षा झाली. मोठ्या दालनात पंखे चालू होते, त्यांचा आवाज सोडला तर शांतता होती. उन्हाने तापलेल्या काचांना आतून कागद लावले होते. वाचनाच्या भागाला एक मुलगी उतारा ओठ हलवत वाचत होती. पुन्हा वर गेली, पुन्हा वाचला, मग खूण केली. मी लांब उभा होतो, काय खूण केली ते दिसलं नाही. पण ती वाचून करत होती. आमच्या कामात एवढंच लागतं.

नव्या उताऱ्याचे सहा प्रश्न तू पाहिलेस त्यात तुला एकच आला. तो बदलला. कात्रीबाई म्हणाल्या, “चाळणी बारीक आहे.” तुझी सही त्यांनी फाइलला लावली. सहीखाली तू लिहिलंस ते वाचून मला विचारलं, “हे काय? ‘पेशंटलाही सांगणार नाही, त्याचं तोंड उघडं असलं तरी.’” मी म्हटलं, त्यांच्या घरची पद्धत आहे.

तुझं शेवटचं पत्र मी नीट ठेवलं आहे. त्यात आईबद्दल एकच ओळ होती, ‘पडदे धुवायला काढले, अजून परत लावलेले नाहीत.’

आणि तू लिहिलंस, ‘परीक्षा झाली की उतारा पाठवू नकोस. महिनाअखेरच्या रविवारी फोन कर, मी उचलीन. आईला वाचून दाखवायचास तसा वाचून दाखव. नुसता श्वास घेऊ नकोस.’

बरं. करतो.

आज सुट्टी आहे. दुपारचं जेवण झालं, भांडी घासून ठेवली. मग टेबलाशी बसून उतारा एकदा मोठ्याने वाचून पाहिला. दोन ठिकाणी अडखळलो, आणि शेवटी आवाज फारच खाली गेला. फोनवर तुला ऐकू आला नसता.

खिडकी लावून घेतली आहे. आता पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतो.

तुझा
मामा